शितावरून भाताची परीक्षा

गेल्या पंधरवड्यात आमचा एक जुना विद्यार्थी जव्हारास आला होता. मुंबईच्या एका खासगी रेडिओ केंद्रात जाहिरातींच्या खात्यात तो नोकरीस आहे. चहा झाल्यावर आम्ही त्यास आमचे एक जुने गाऱ्हाणे सांगितले. आषाढात तोरंगणच्या घाटात दरड आली की त्र्यंबकाकडील एस.टी. अडते आणि मोखाड्याचा मनुष्य पोरासोरांसह फाट्यावर भिजत उभा राहतो. त्याच वेळी मुंबईची केंद्रे अंधेरीच्या पुलावरील मोटारींची गर्दी मोठ्या जिव्हाळ्याने सांगत असतात. यावर तो संकोचून म्हणाला, "गुरुजी, आपले तालुके आमच्या मोजणीतच येत नाहीत."

ही मोजणी म्हणजे काय, हे आम्ही त्याच्याकडून बैठक मारून समजावून घेतले. वाचकांसही ते ठाऊक असावे असे वाटते.

गाणी हा रेडिओ केंद्राचा विक्रीचा माल होय, ही समजूत बरोबर नाही. गाणी फुकट असतात. दहा सेकंदांचा दर लावून विकला जातो तो ऐकणाऱ्याचा कान, आणि तो विकत घेणारा साबणवाला किंवा सोनार. तेव्हा कान किती व कोणाचे, या दोन प्रश्नांवर केंद्राचे पोट अवलंबून असते. हे त्रैराशिक सोपे आहे. समजा, दोन केंद्रे दहा सेकंदांस प्रत्येकी हजार रुपये घेतात; एकास त्या वेळी लाख श्रोते आहेत, दुसऱ्यास पन्नास हजार. पहिल्याकडे हजार कानांस दहा रुपये पडले, दुसऱ्याकडे वीस. दुसऱ्याचे दुकान बंद पडावयास हवे. पण तो म्हणतो, माझे श्रोते मोटारीतून हिंडणारे आहेत, त्यांस वीस रुपयेही थोडेच! आणि सोनार ते मान्य करतो. संख्येची उणीव श्रीमंतीने भरून निघते ती अशी. ज्या गावी संख्याही नाही व श्रीमंतीही नाही, त्याचे काय, असे आम्ही विचारले. त्यावर विद्यार्थ्याने बशीत चहा ओतला.

श्रोत्यांच्या संख्येवर नभोवाणीचा जीव टांगलेला असणे नवे नव्हे. 1927 च्या जुलैत मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, तेव्हा तिचे मुख्य उत्पन्न म्हणजे परवान्याच्या शुल्कातील वाटा. परवानेधारक आठ हजारांपर्यंतही पोहोचले नाहीत आणि 1930 साली कंपनी बुडाली. पुढे सरकारने कारभार हाती घेतला, तेव्हापासून गिऱ्हाइकाची चिंता राहिली नाही. आमच्या लहानपणी रेडिओचा परवाना दरसाल पोस्टात जाऊन काढावा लागे. ती पद्धत 1980 नंतरच्या दशकात उठली. मात्र त्याआधीच, चंदा समितीच्या शिफारशीनंतर, 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे व नागपूर येथील विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या होत्या.

त्या काळी मोजणीचे साधन म्हणजे पोस्टकार्ड. झुमरी तलैया हे पूर्वीच्या बिहारातील, आता झारखंडातील, अभ्रकाच्या खाणींचे गाव. तेथून रेडिओ सिलोनला व विविध भारतीला फर्माइशींची इतकी पत्रे जात की लोकांस तो एखादा मोठा प्रांत वाटावा. हौशी पत्रलेखक चार असले तरी गाव गाजते, हा त्या पद्धतीतील दोष. परंतु तिच्यात एक गुणही होता. कार्ड वावर-वांगणीहूनही टाकता येत असे, आणि टाकणाऱ्याच्या घरी मोटार आहे किंवा नाही हे कोणी विचारीत नसे.

खासगी केंद्रांच्या काळात कार्डावर भागेना. 2007 साली दिल्ली, मुंबई व बंगळूर येथे, मागाहून कलकत्त्यास, रोजनिशीची पद्धत आली. प्रत्येक शहरात पाचशेच्या आसपास माणसे निवडावयाची, वय बाराच्या वर. प्रत्येकाने दर पाव तासास कोणते केंद्र ऐकले याची खूण करावयाची. पाचशेंवरून कोटभर मुंबई ओळखणे अशक्य नव्हे. संस्कृतात यास स्थालीपुलाकन्याय म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरात शितावरून भाताची परीक्षा. न्याय खरा आहे, पण शीत व भात एकाच पातेल्यातील असावे लागतात. मोखाडा मुंबईच्या पातेल्यात नाही. (मोखाड्याच्या चुलीवर बहुधा नागली असते, ही गोष्ट निराळी.)

वास्तविक मोखाडा काही काळ पातेल्यात येतोही. दिवाळी झाली की आमच्या पाड्यांवरील कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडी परततात. तेथे मोबाइलवर मुंबईची केंद्रे स्वच्छ ऐकू येतात. परंतु रोजनिशी घराच्या दारी येते, आणि भट्टीवरील खोपीस दारच नसते. शाळेत आम्ही हाच घोळ पाहिला आहे. दिवाळीनंतर मुले भट्टीवर असत व नावे पटावर. येथे मुले ऐकत असतात व नावे पटावर नसतात.

दुसरा प्रश्न, कान कोणाचे. कुटुंबाची प्रत ठरविण्यासाठी 2011 साली जाहिरातदारांनी एक कोष्टक स्वीकारले. मुख्य कमावत्याचे शिक्षण आणि अकरा गोष्टींपैकी घरी किती, यांवरून बारा प्रती. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत दूरचित्रवाणी, शीतकपाट, धुलाईयंत्र, संगणक, मोटार, वातानुकूलन आणि शेतजमीन. आम्ही तेथेच जव्हारातील ओळखीची घरे मोजू लागलो. पाड्यावरील वारल्याच्या घरी वीज व थोडी जमीन, क्वचित पंखा; पुढे बोट चालेना. मग स्वतःचे घर मोजले. आमचे गुण आम्ही येथे देत नाही.

सरकारी जाहिरातींतही हाच काटा. 2023 च्या ऑक्टोबरात खासगी एफ.एम. केंद्रांचा सरकारी मूळ दर दहा सेकंदांस 52 वरून 74 रुपये झाला, तो शहराची लोकसंख्या व श्रोतृसंख्या यांच्या हिशेबाने. 2024 च्या ऑगस्टात आणखी 234 शहरांत 730 वाहिन्यांच्या लिलावास मंजुरी मिळाली. जव्हार नगर बारा-तेरा हजारांचे. जव्हार तालुक्याची 2011 ची शिरगणती सुमारे 1 लाख 40 हजार, मोखाड्याची 83 हजार. ही वस्ती डोंगरांवर विखुरलेली, तिला शहर कोण म्हणणार?

उरते ते सामुदायिक केंद्र. त्याची शक्ती शंभर वॅट, पल्ला दहा-बारा किलोमीटर; 2024 च्या नियमांनी त्यास तासाला सातऐवजी बारा मिनिटे जाहिराती घेता येतात. पण मोखाड्याच्या बाजारात बारा मिनिटे विकत घेणारे दुकानदार आणावयाचे कोठून? एफ.एम.च्या लहरी डोंगराआड थांबतात. आकाशवाणीच्या मध्यमलहरी दूरवर पोहोचत, पण ते प्रक्षेपकही देशात अनेक ठिकाणी बंद झाले आहेत. 1992-93 साली वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली तेव्हा ती वार्ता मुंबईस किती उशिरा कळली, हे आम्हांस आठवते. आता उलट दिशेने, म्हणजे लसीचा दिवस, धान्याची गाडी, बंद घाट यांची वार्ता पाड्यावर पोहोचविण्याचा खर्च कोणी द्यावा? आमच्या मते तो परवान्याच्या जुन्या न्यायाने सर्वांच्या करातून यावा. सोनाराकडून येण्यासारखा तो नव्हे.

विद्यार्थी यावर वाद घालण्याच्या भरीस पडला नाही. जाताना मात्र त्याने विचारले, "गुरुजी, आपण रोज किती वेळ ऐकता?" आम्ही पाव-पाव तास जुळवून तीन तास सांगितले. आतून उत्तर आले की रेडिओ सहापासून चालू असतो, पण सात वाजताच्या बातम्यांना तुम्ही घोरत असता.