रंग आधी दिसतो, नाव मागून येते

रंगपंचमी हा मुख्यत्वे बालगोपाळांचा उत्सव. हिरव्या रंगाच्या घंगाळात दोन्ही हात बुडवून ‘निळा, निळा’ म्हणत नाचणारे तीन वर्षांचे मूल आज पुष्कळ घरांत आढळेल. त्यावर वडीलधारी मंडळी हसतात, येथवर ठीक. परंतु काही मातापित्यांच्या कपाळी आठ्या पडतात, आणि शेजारचे मूल दहा रंग घडाघडा सांगते म्हणून या बिचाऱ्याला सणाच्या दिवशीही परीक्षेला बसविले जाते. ‘हा कोणता? आणि हा कोणता?’ हा भडिमार थांबावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

गाय, दिवा, पोळी, बाप्पा ही नावे चटकन उचलणारे मूल रंगापाशीच अडखळते, याचा अनुभव भल्याभल्यांना आलेला आहे. चार्ल्स डार्विनसारख्या सूक्ष्म निरीक्षकाने १८७७ साली लिहून ठेवले आहे की, नेहमीच्या सर्व वस्तूंची नावे येऊ लागल्यावरही आपल्या मुलांना रंगांची नावे सांगता येईनात, तेव्हा ती रंगांध असावीत असे त्याला वाटले. पुढे ती भीती निराधार ठरली. फ्रान्समधील आल्फ्रेड बिने याच्या १९०८ च्या बुद्धिमापन कसोटीत तर चार रंगांची नावे सांगणे ही आठ वर्षांच्या मुलाची पायरी मानलेली होती. आज ती नावे तीन-चार वर्षांची बरीच मुले सांगतात. एका शतकात मुलांचे डोळे बदलले नाहीत. घरात रंगीत खेळणी, खडू आणि चित्रांची पुस्तके आली, आणि विचारणारेही वाढले, असे मला वाटते.

डोळ्यांचा दोष नाही, हे निश्चित. चार महिन्यांचे अर्भकही तांबडे, पिवळे, हिरवे, निळे हे भेद जाणते, हे १९७६ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. मग अडते कोठे?

आपल्या वैशेषिकांनी याचे मर्म फार पूर्वी ओळखले आहे. रूप हा गुण आहे. तो केवळ नेत्रांना कळतो आणि द्रव्याच्या आश्रयावाचून राहत नाही. (अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त रूपाचे सात प्रकार मोजले आहेत आणि सातवा आहे ‘चित्र’, म्हणजे बहुरंगी. रंगपंचमी खेळून आलेल्या मुलाचे वर्णन करण्यास याहून समर्पक शब्द नाही!) चेंडू हाती धरता येतो, त्याची लाली वेगळी काढून धरता येत नाही. आपण बोट दाखवून ‘लाल’ म्हणतो, तेव्हा हा शब्द चेंडूचा, गोलपणाचा की उसळण्याचा, हे मुलाने कसे ठरवावे?

दुसरी अडचण अधिक खोल आहे. एक रंग संपून दुसरा कोठे सुरू होतो, ही सीमा बव्हंशी भाषा आखते. अमरकोशात ‘नील’ हा शब्द कृष्णवर्णाच्या पर्यायांत बसविलेला आहे. तसबिरीतला कृष्ण निळा आणि गाभाऱ्यातली मूर्ती काळी, असे का, हा नातवंडांचा प्रश्न कीर्तनकारांना नेहमीचा. त्याचे एक उत्तर या कोशात आहे. रशियन भाषेत गडद निळ्याला ‘सीनी’ आणि फिकट निळ्याला ‘गलुबोय’ असे दोन स्वतंत्र रंगशब्द आहेत. आफ्रिकेतील नामिबियात गुरे राखणाऱ्या हिंबा लोकांच्या भाषेत मूळ रंगनावे पाचच. आपण ज्यांना हिरवे आणि निळे म्हणतो, त्यातल्या बहुतेक छटा ‘बुरोउ’ या एकाच शब्दात सामावतात. या हिंबा मुलांचे व इंग्रज मुलांचे तीन वर्षे निरीक्षण करून डेबी रॉबर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली निष्कर्ष मांडले. नावे येण्यापूर्वी दोन्हीकडची मुले सारख्याच चुका करीत होती. नावे येऊ लागली तसतशी ती आपापल्या भाषेच्या वाटेने गेली. शिवाय अमुक रंग आधी, तमुक नंतर, असा ठरावीक क्रम दोहोंकडेही आढळला नाही. तेव्हा हिरव्याला निळा म्हणणारे मूल मंद नव्हे. ते भाषेच्या सीमा चाचपीत आहे.

मराठी मुलापुढे आणखी एक काम असते. पांढरा ससा, पांढरी गाय, पांढरे वासरू. एकच रंग तीन लिंगांत तीन रूपे घेतो. ताम्रापासून आलेला ‘तांबडा’ असाच बदलतो, तर फारसीतून आलेला ‘लाल’ जागचा हलत नाही. हे सारे ते बालक व्याकरणाचे पुस्तक न उघडता शिकते, याचे आपल्याला कौतुक वाटत नाही. ‘यलो’ म्हणता आले नाही, याचे मात्र दुःख होते. इंग्रजी नावे शाळेत येतीलच. घरात पिवळा, तांबडा, पोपटी, शेंदरी हे शब्द मुलाच्या कानी पडलेच पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिकवावे कसे? मायकेल रॅम्स्कार आदींनी २०१० साली दोन वर्षांच्या इंग्रजीभाषक मुलांवर प्रयोग केला. ‘लाल चेंडू’ अशा धाटणीने ऐकलेल्या मुलांना फारसा लाभ झाला नाही. ‘चेंडू लाल आहे’ अशा धाटणीने ऐकलेल्यांची प्रगती झाली. आपल्या व्याकरणाच्या भाषेत, अधिविशेषणापेक्षा विधिविशेषण मुलाला सोपे गेले. आधी वस्तूवर दृष्टी स्थिरावते, मग गुणाचे नाव कानी पडते. पूजेच्या वेळी मूल जवळ बसतेच; ‘हळद पिवळी आहे’, ‘कुंकू लाल आहे’, ‘बुक्का काळा आहे’, एवढे सहज बोलावे आणि लगेच प्रश्न विचारू नये. पाच-सहा वर्षांनंतरही मूल तांबडे आणि हिरवे यांत नित्य गोंधळत असेल, तर मात्र नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. रंगांधता मुलींपेक्षा मुलग्यांत पुष्कळ अधिक आढळते.

मराठीची बरीच रंगनावे वस्तूंवरूनच पडली आहेत: गुलाबी, केशरी, डाळिंबी, जांभळा, मोरपंखी, राखाडी. वस्तू ठाऊक असली की नाव आपोआप चिकटते. पंचाईत होते ती ‘तपकिरी’ची. तपकीर ओढणारे आजोबा आता घराघरांत उरले नाहीत. त्या रंगासाठी मुलाच्या हाती नारळाची करवंटी द्यावी.