विश्लेषण: ‘वन पीस’ अजून संपलेली नसताना पहिल्या भागापासून पुन्हा का बनते आहे?

सप्टेंबर २०२५मध्ये नेपाळमधील तरुण रस्त्यावर उतरले, तेव्हा आंदोलनाच्या छायाचित्रांत एक झेंडा पुन्हा पुन्हा दिसत होता. काळ्या कापडावर हसरी कवटी, मागे हाडांची फुली आणि कवटीच्या डोक्यावर गवताची टोपी. त्याच्या महिनाभर आधी इंडोनेशियात स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर घरांवर आणि ट्रकांवर हाच झेंडा लागला होता. ‘वन पीस’ या जपानी कथेतील लफी या तरुण चाच्याच्या जहाजावरचा हा झेंडा. पण बातम्या पाहून कुणाला ही मालिका बघाविशी वाटली, तर त्याच्यासमोर ११५०हून अधिक भागांचा डोंगर उभा राहतो. एक भाग साधारण २४ मिनिटांचा धरला आणि रोज दोन तास दिले, तरी शेवटच्या भागापर्यंत पोहोचायला साडेसात महिने लागतात. या डोंगराला वळसा घालणारा नवा रस्ता आता बांधला जात आहे. जुनी मालिका सुरू ठेवून तीच कथा पहिल्यापासून पुन्हा सांगितली जाणार आहे.

नेमके काय बनते आहे?

एइचिरो ओदा यांनी ‘वन पीस’ ही चित्रकथा, म्हणजे मांगा, जुलै १९९७मध्ये ‘वीकली शोनेन जंप’ या साप्ताहिकात सुरू केली. शुएइशा ही तिची प्रकाशक संस्था. तिच्यावर आधारित अ‍ॅनिमे मालिका तोएई अ‍ॅनिमेशनने बनवली आणि २० ऑक्टोबर १९९९पासून ती फुजी टीव्हीवर दिसू लागली. मांगा आणि मालिका दोन्ही अजून संपलेल्या नाहीत. मांगाच्या ५० कोटींहून अधिक प्रती छापल्या गेल्या आहेत.

डिसेंबर २०२३मध्ये ‘जंप फेस्टा’ या वार्षिक कार्यक्रमात ‘द वन पीस’ या नव्या मालिकेची घोषणा झाली. ती तोएई नव्हे, तर विट स्टुडिओ बनवत आहे आणि ती नेटफ्लिक्सवर येणार आहे. कथा पुन्हा ‘ईस्ट ब्लू’पासून, म्हणजे लफी घर सोडून समुद्रावर निघतो तिथून सुरू होईल. दिग्दर्शन मासाशी कोइझुका यांचे आहे. ‘अटॅक ऑन टायटन’च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्वाच्या दिग्दर्शनात त्यांचा प्रमुख वाटा होता. पात्रांची रेखाटने क्योजी असानो आणि ताकातोशी होंदा यांच्याकडे आहेत.

जुन्या मालिकेची अडचण काय?

अडचण दर्जापेक्षा वेळापत्रकाची जास्त आहे. मांगाचे एक प्रकरण साधारण १७ ते १९ पानांचे असते. सुरुवातीला मालिकेच्या एका भागात दोन प्रकरणे सहज बसत. पहिली ९५ प्रकरणे जेमतेम ४५ भागांत सांगून झाली. पण मालिका वर्षभर दर आठवड्याला येते आणि ओदा मात्र अधूनमधून सुट्टी घेतात. त्यामुळे मालिका मांगाच्या पाठीला येऊन टेकली. पुढची कथा लिहूनच झालेली नसेल, तर दाखवणार काय?

यावर जपानी टीव्हीवर दोन जुने उपाय आहेत. एक, मूळ कथेत नसलेले भरतीचे भाग घालायचे. ‘नारुतो’ने तो मार्ग सर्रास वापरला. दुसरा, आहे तीच कथा ताणायची. ‘वन पीस’ने मुख्यतः दुसरा मार्ग धरला. आपल्याकडे रोजच्या मालिकांत ‘पाणी घालणे’ म्हणतात, तसाच हा प्रकार. एकाच धक्क्यावर प्रत्येक पात्राचा चेहरा आळीपाळीने, मागच्या भागाची लांबलचक उजळणी, कित्येक सेकंद रोखलेल्या नजरा. ‘ड्रेसरोझा’ हे कथानक मांगात १०२ प्रकरणांचे आहे, मालिकेत त्याला ११८ भाग लागले. ‘वानो’ची १४९ प्रकरणे दाखवायला १९०च्या आसपास भाग गेले. म्हणजे एका भागात एक प्रकरणही पुरते संपत नव्हते.

दर आठवड्याला पाहणाऱ्याला हे खपते. रविवारची ती सवयच होऊन जाते. पण सगळे भाग सलग पाहणाऱ्याला हीच संथ गती असह्य होते. आणि आज जगभरातला नवा प्रेक्षक सलगच पाहतो.

मग काही महिने थांबून पुढे का जात नव्हते?

कारण मालिका एकटी चालत नाही. जपानमध्ये बहुतेक अ‍ॅनिमे ‘प्रॉडक्शन कमिटी’ या पद्धतीने बनतात. प्रकाशक, टीव्ही वाहिनी, खेळणी बनवणारी कंपनी, संगीत कंपनी असे अनेक जण पैसे घालतात आणि आपापल्या हिश्श्याचे हक्क घेतात. वाहिनीला ठरलेली वेळ भरायची असते, खेळणीवाल्याला पात्रे मुलांच्या डोळ्यांसमोर हवी असतात आणि प्रकाशकाला पुस्तकांचा खप हवा असतो. वर्षानुवर्षे रविवारी सकाळी साडेनऊला येणारी मालिका थांबली, की ही सगळी साखळी थांबते.

ही यंत्रणा किती काठावर चालत होती, ते मार्च २०२२मध्ये दिसले. तोएईच्या संगणकांत बाहेरच्या कुणीतरी घुसखोरी केली आणि ‘वन पीस’चे नवे भाग महिनाभराहून अधिक काळ बंद पडले. पुढचे भाग हाताशी तयार असते, तर इतका खंड पडला नसता.

एक भाग बनतो कसा?

संहिता लिहून झाली की दिग्दर्शक प्रत्येक दृश्याचा चित्ररूप आराखडा काढतो. मग अनुभवी चित्रकार हालचालीतल्या मुख्य टप्प्यांची चित्रे काढतात. त्या टप्प्यांच्या मधली चित्रे दुसरे चित्रकार भरतात. ते बहुधा नवखे असतात, अनेकदा जपानबाहेरचेही. यासाठी तोएईची फिलिपिन्समध्ये स्वतःची शाखा आहे. त्यानंतर रंग, पार्श्वभूमी, संगणकावरचे चित्रीकरण, आवाज आणि संगीत. एका भागात काही हजार चित्रे असतात आणि त्याचे काम काही महिने चालते. साप्ताहिक मालिकेत त्यामुळे अनेक गट एकाच वेळी वेगवेगळ्या भागांवर राबत असतात. एक गट उशिरा आला, की पुढच्या सगळ्यांवर ताण येतो.

हातात वेळ असेल तर याच मंडळींकडून काय होते, याचा पुरावा तोएईनेच दिला. ऑक्टोबर २०२४मध्ये मालिकेच्या पंचविशीनिमित्त ‘वन पीस फॅन लेटर’ हा एकच विशेष भाग प्रसारित झाला. दिग्दर्शिका मेगुमी इशितानी यांनी त्यात लफीऐवजी त्याच्याबद्दल ऐकून असलेल्या सामान्य माणसांची गोष्ट सांगितली. त्यातल्या चित्रांचे जगभर कौतुक झाले. स्टुडिओ तोच, जगही तेच, फरक होता तो वेळापत्रकाचा.

हंगामी पद्धतीने काय बदलते?

विट स्टुडिओची स्थापना २०१२ची. ‘अटॅक ऑन टायटन’ची पहिली तीन पर्वे त्यांनी बनवली, शेवटचे पर्व मात्र मापा या स्टुडिओकडे गेले. वर्षभर अखंड चालणारी मालिका हा विटचा पिंड नाही. ठरावीक भागांचे पर्व बनवायचे, थांबायचे, मग पुढचे पर्व, अशी त्यांची कामाची रीत आहे.

नेटफ्लिक्सला आठवड्याची वेळ भरायची नसते. तिथे मालिका तयार झाली की येते. दुसरे म्हणजे, ‘द वन पीस’च्या लेखकांसमोर जवळपास तीन दशकांची कथा तयार आहे. पुढे कोणते पात्र महत्त्वाचे ठरणार, कोणता साधा वाटणारा संवाद शेकडो प्रकरणांनंतर परत येणार, हे त्यांना आधीच माहीत आहे. १९९९च्या चमूला ही सोय नव्हती. ओदांची कथा पुढे कुठे जाणार, हे ठाऊक नसताना त्यांना चित्रे काढावी लागली. त्या काळातले भाग जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकारात आहेत आणि आजच्या पडद्यावर ते जुने दिसतात.

असे आधी झाले आहे का?

झाले आहे. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ची पहिली मालिका २००३मध्ये आली तेव्हा मांगा अपुरी होती, त्यामुळे मालिकेने स्वतःचा शेवट रचला. २००९मध्ये मांगाला धरून ६४ भागांची दुसरी मालिका बनली आणि आज बहुतेक जण तीच आधी पाहतात. ‘हंटर एक्स हंटर’ २०११मध्ये, ‘उरुसेई यात्सुरा’ २०२२मध्ये आणि ‘रानमा’ २०२४मध्ये नव्याने आल्या. ‘ड्रॅगन बॉल झेड’बाबत तोएईने २००९मध्ये स्वस्त मार्ग घेतला. २९१ भागांतला फापटपसारा कापून जुन्याच चित्रांची नवी आवृत्ती काढली.

‘वन पीस’चे वेगळेपण असे, की जुनी मालिका जिवंत असताना दुसरी उभी राहते आहे. याचे कारण कथेच्या वयात आहे. जुलै २०२२मध्ये मांगाचे अंतिम पर्व सुरू झाले. साप्ताहिक मांगा एकदा संपली, की दर आठवड्याची चर्चाही संपेल. त्यानंतर ही कथा पुढच्या पिढीला विकायची, तर आत शिरण्याचे दार सोपे हवे. ऑगस्ट २०२३मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या, खरे अभिनेते असलेल्या मालिकेने याचा अंदाज दिला. तिने ती ९५ प्रकरणे आठ भागांत बसवली आणि मांगा कधी हातात न घेतलेले प्रेक्षकही तिला मिळाले.

पैशाचे गणित काय सांगते?

जपानी अ‍ॅनिमेशन संघटनेच्या अहवालानुसार २०२३मध्ये या उद्योगाची बाजारपेठ सुमारे ३.३४ लाख कोटी येन होती. त्यातले सुमारे १.७२ लाख कोटी येन जपानबाहेरून आले, म्हणजे निम्म्याहून अधिक. जपानमध्ये जन्मदर घटतो आहे, टीव्हीसमोर बसणारी मुले कमी होत आहेत. एप्रिल २०२५मध्ये फुजी टीव्हीने ‘वन पीस’ रविवार सकाळवरून रात्री सव्वाअकराला नेली. शाळकरी मुलांची मालिका झोपायच्या वेळेला गेली, यातच तिचा प्रेक्षक आता कोण आहे ते कळते.

चित्रे काढणाऱ्यांना यातून काय मिळेल?

खरा प्रश्न इथे आहे. कमिटी पद्धतीत स्टुडिओ बहुतेकदा कंत्राटदार असतो. ठरलेली रक्कम मिळते, मालिका गाजली तरी नफ्यात वाटा मिळेलच असे नाही. मधली चित्रे भरणाऱ्या चित्रकाराला एका चित्रामागे साधारण २०० येन, म्हणजे शंभर-सव्वाशे रुपये मिळतात, असे गेली अनेक वर्षे सांगितले जाते. मे २०२४मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या उद्योग आणि मानवी हक्कविषयक कार्यगटाने जपानवरच्या अहवालात अ‍ॅनिमे उद्योगाचा स्वतंत्र उल्लेख केला. तुटपुंजे वेतन, अतोनात कामाचे तास आणि निर्मात्यांच्या हक्कांची उपेक्षा यांवर त्यात बोट ठेवले होते.

नेटफ्लिक्ससारखी कंपनी आली, की पैसा आगाऊ आणि एकाच ठिकाणाहून येतो. २०२१मध्ये नेटफ्लिक्स आणि विट यांनी मिळून नवख्या चित्रकारांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू केला. त्यात शिकवणीचा आणि राहण्या-खाण्याचा खर्च नेटफ्लिक्सने उचलला. हे पाऊल महत्त्वाचे आहे, कारण कमाई नसल्यामुळे अनेक जण पहिल्या काही वर्षांतच हे काम सोडतात. मात्र आगाऊ रक्कम म्हणजे नफ्यातला वाटा नव्हे. मालिका जगभर गाजली, तर वाढीव कमाई हक्क असलेल्यांकडे जाते. हे सूत्र नेटफ्लिक्समुळे आपोआप बदलत नाही.

जुन्या मालिकेचे पुढे काय?

ती बंद होत नाही, पण तिनेही रीत बदलली आहे. ऑक्टोबर २०२४पासून तिने सहा महिने विश्रांती घेतली. त्या काळात ‘फिशमन आयलंड’ हे जुने कथानक पन्नासहून अधिक भागांवरून २१ भागांत आटोपशीर करून दाखवले. डिसेंबर २०२५मध्ये ‘एगहेड’ कथानक संपले. २०२६पासून वर्षाला जास्तीत जास्त २६ भाग येतील, असे जाहीर झाले. पाव शतकाहून अधिक काळ चाललेला साप्ताहिक रतीब थांबला आहे.

दोन्ही मालिकांत तुलना होणारच, आणि ती चित्रांपुरती राहणार नाही. मायुमी तानाका १९९९पासून लफीचा आवाज आहेत. जानेवारी २०२५मध्ये त्या सत्तर वर्षांच्या झाल्या. फ्रँकी या पात्राचा आवाज काझुकी याओ यांच्यानंतर २०२५पासून सुबारू किमुरा देत आहेत. ‘डोरेमॉन’ने २००५मध्ये सगळे मुख्य आवाज एकदम बदलले, तेव्हा जपानमधल्या जुन्या प्रेक्षकांना ते पचायला वेळ लागला. त्यानंतर वाढलेल्या मुलांसाठी मात्र नवा आवाज हाच डोरेमॉनचा आवाज ठरला.

नव्या मालिकेपुढचा धोका उलट दिशेचा आहे. ताणलेली कथा कंटाळवाणी होते, तशी दाबून बसवलेली कथा कोरडी होते. ‘वन पीस’मधली गंमत बरीचशी रेंगाळण्यात आहे. जहाजावरचे जेवण, निरर्थक भांडणे, एखाद्या बेटावरच्या किरकोळ माणसाची लांबलचक पूर्वकथा. आणि हंगामी गतीने ११५०हून अधिक प्रकरणांचा पल्ला गाठायचा, तर त्याला पुन्हा कित्येक वर्षे लागतील. जुन्या मालिकेला सतत धावत राहावे लागल्याचा त्रास झाला. नवीला शेवटापर्यंत चालत राहण्याइतका पैसा, चित्रकार आणि प्रेक्षक टिकवून दाखवावे लागतील.