माळ्यावर गेलेला तबला

नातवाला वा नातीला एमबीबीएसला प्रवेश मिळाला की घरात पहिला हुकूम सुटतो : ‘आता तबला-बिबला पुरे, अभ्यास एके अभ्यास!’ दवाखान्यात येणारे आजी-आजोबा मला हे कौतुकाने सांगतात. त्यामागची माया मला कळते. हुकूम मात्र पटत नाही.

पहिल्या वर्षाचा भार मोठा असतो, हे खरेच. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे तीन विषय एकदम अंगावर येतात. सकाळी विच्छेदनगृह, दुपारी प्रयोगशाळा, रात्री हाडे हातात घेऊन त्यांवरील खाचाखोचा पाठ करणे. शाळेत सदैव पहिला आलेला मुलगा येथे शेकडो ‘पहिल्यां’मधला एक होतो. हा धक्का कोणत्याही परीक्षेहून जड असतो. अशा वेळी नाटकाची तालीम किंवा संध्याकाळचा रियाझ त्याला सावरून धरतो. तेथे त्याला कोणी गुण देत नाही.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाहा. कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक डॉ. श्रीराम लागू, बालरोगतज्ज्ञ डॉ. जब्बार पटेल, मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे हे तिघेही तेथलेच विद्यार्थी. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आले, तेव्हा दिग्दर्शन पटेलांचे होते आणि नाना फडणवीस होते आगाशे. तेथेच शिकलेले डॉ. अनिल अवचट बासरी वाजवीत, लाकडात शिल्पे कोरीत. आणि १९८६ साली पत्नी डॉ. सुनंदा यांच्यासह त्यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. ‘पण लागूंनी वैद्यकी सोडली ना?’ असे आजोबा विचारतीलच. सोडली, पण चाळिशी उलटल्यावर, अनेक वर्षे रुग्ण तपासून.

छंदाचा उपयोग रुग्णालाही होतो. छातीवर एक बोट टेकवून त्यावर दुसऱ्या बोटाने ठोकतात, ते आपण पाहिले असेल. हवा भरलेले फुफ्फुस घुमते, पाणी साठले असेल तर बद्द वाजते. ही पद्धत १७६१ साली मांडणारे व्हिएन्नाचे आउएनब्रुगर संगीताचे जाणकार होते. १८१६ साली स्टेथोस्कोप शोधणारे फ्रान्सचे लाएनेक बासरीवादक; आपल्या लाकडी नळ्या ते स्वतःच कातीत. तबल्याच्या चाटेचा आणि शाईचा नाद वेगळा ओळखणाऱ्या मुलाला छातीतला हा फरक लवकर उमगतो, असे माझे मत आहे.

तेव्हा सुटीत नातवंड घरी आले की गुण नंतर विचारा, आधी तबला माळ्यावरून खाली काढा. मात्र एक गोष्ट नीट पाहा. आवडते वाद्यही हाती घ्यावेसे वाटत नाही, झोप उडाली आहे, मेसचे जेवण टाकून दिले जाते, घरचे फोन टाळले जातात, असे दोन आठवडे चालले, तर तो आळस समजू नका. मुले आई-बाबांपासून लपवतात ते पुष्कळदा आजीपाशी बोलतात. तिने ते ऐकून घ्यावे, रागावू नये, आणि मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्यायला लावावी. जगणे नकोसे झाल्याची भाषा कानी पडली, तर मात्र दोन आठवडे थांबू नये. त्याच दिवशी मदत मिळवावी आणि मुलाला एकटे सोडू नये. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून रात्रीही सुरू असतो. फोनजवळच्या वहीत तो आजच लिहून ठेवा.