पत्र्याच्या डब्यातली भीमगीते

वर्षावासात विहारातले 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन आटोपले की आम्ही कुणाच्या ना कुणाच्या घरी चहाला थांबतो. यंदा कर्जत-खोपोली गाडीच्या वाटेवर, केळवलीजवळच्या एका घरी असेच थांबलो. घरचे आबा कारखान्यातून निवृत्त झालेले. बोलता बोलता त्यांनी फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला. आत चाळीसेक व्हीसीडी, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेली. "सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जायचं आणि येताना एक पुस्तक नि एक सीडी आणायची, हा आमचा नेम," आबा म्हणाले.

हा नेम आपल्यातल्या अनेक घरांचा होता. आधी कॅसेट आली. पुढे टीव्हीखाली व्हीसीडीचा प्लेअर आला आणि नुसत्या आवाजाने ओळखीचे असलेले गायक घरात दिसू लागले. एका तबकडीत जेमतेम ७४ मिनिटे मावत. चित्र फारसे स्वच्छ नसे. पण जयंतीच्या आठवड्यात शेजारपाजार त्या टीव्हीसमोर मावत नसे.

आता प्लेअर बंद पडले. पोरे मोबाईलवर गाणी ऐकतात. मग हा डबा जपायचा कशाला? उत्तर आबांच्या नातीने दिले, तेही नकळत. एक वेष्टन उलटसुलट करून तिने विचारले, "आबा, गाणारे कोण ते कळलं. पण गाणं लिहिलं कोणी?" वेष्टनावर गायकाचा फोटो होता, नाव ठळक होते. कवीचे नाव कुठेच नव्हते. आबांनी आठवून आठवून सहा गाण्यांचे कवी सांगितले. सातव्याला ते थांबले.

वाचकहो, इथेच आमचे मन अडले. आपली गाणी आधी तोंडातून आली, कागदावर नंतर. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी हजारो गीते रचली आणि गावोगाव स्वतः गायली. जुने शाहीर शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. वामनदादांच्या गीतांतही 'वामन' येतो. तीच त्यांची सही. वेळेअभावी शेवटचे कडवे गाळले की कवीही गळतो. वेष्टनावर नाव नाही, कडवे नाही, आणि सांगणारा म्हातारा एक दिवस जाणार. मग ते गाणे कोणाचे?

जपल्याने काय होते, तेही पाहा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहाजण मारले गेले. त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. त्यांना गाताना आजची मुले पाहू शकतात, कारण आनंद पटवर्धन यांनी 'हमारा शहर' (१९८५) या माहितीपटात त्यांना चित्रित केले होते आणि पुढे 'जय भीम कॉम्रेड' (२०११) मध्ये त्यांची कहाणी मांडली. कुणीतरी टिपले, कुणीतरी जपले, म्हणून आवाज उरला.

शेजारच्या मुलाने जुना लॅपटॉप आणला. दोन तबकड्या चालल्याच नाहीत. त्यातल्या एकीवर आबांनीच बॉलपेनने नाव लिहिले होते. सीडीचा चकाकणारा थर छापील बाजूखालीच, अगदी पातळ लाखेखाली असतो. तिथे टोक रुतले की मजकूर गेला.

शेवटी निघाली ती साधी पांढरी सीडी. वाडीतल्या भीमजयंतीचे चित्रण, लग्नाच्या व्हिडिओवाल्याने काढून दिलेले. चित्र अडखळत होते. कोरसात निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीतली, टाळी देत गाणारी बाई दिसली आणि आबा म्हणाले, "ही तुझी आजी." नातीने आजीला गाताना कधी पाहिलेच नव्हते. ती सीडी दुसऱ्या कोणाकडे नाही, बाजारात नाही, मोबाईलवर नाही. शिवाय घरी भरलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, तो ऊन आणि उष्णतेने लवकर मरतो. पत्र्याखालच्या फळीवर अशी सीडी किती उन्हाळे काढील?

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात. डबा उन्हापासून लांब, कोरड्या जागी ठेवा. सीडी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल फिरवू नका. सीडी चालणारा संगणक ज्याच्याकडे असेल त्याला गाठून गाणी पेन ड्राइव्हवर उतरवा. एका व्हीसीडीला साधारण ८०० एमबी जागा लागते. ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर तिसाहून अधिक मावतात. घरी भरलेल्या सीडी आधी घ्या, बाजारातल्या मागाहून. प्रत घरापुरती काढा, तिचा धंदा करू नका. कलावंताचे पोट त्यावर असते.

आणि एक शंभर पानी वही घ्या. गाणे, गायक, कवी, सीडी कोणत्या साली घेतली, एवढेच लिहा. कवी ठाऊक नसेल तर जागा कोरी ठेवा आणि विहारातल्या ज्येष्ठांना विचारा. हे काम मुलींकडे द्या, त्यांचे अक्षर बरे असते आणि प्रश्नही त्याच विचारतात.

आबांच्या वहीत सातवी ओळ अजून कोरी आहे. पुढच्या पौर्णिमेला ते गाणे विहारात लावायचे ठरले आहे. कोणीतरी ओळखील.

जय भीम!