तारीख मिळेपर्यंतचे दुखणे

रुमॅटॉइड संधिवात असलेल्यांना हे नवे नाही. रात्री बरी असलेली मनगटे सकाळी सुजलेली असतात, मूठ वळत नाही, कुकरचे झाकण लागत नाही, निऱ्या घालायला लेकीला किंवा सुनेला हाक मारावी लागते. तज्ज्ञाच्या दवाखान्यात फोन केला की तारीख मिळते ती दोन-तीन आठवड्यांनंतरची. सरकारी रुग्णालयात ओपीडीचा वार ठरलेला असतो आणि त्या वारी सकाळपासून रांग असते. मधल्या दिवसांचे काय करायचे, याची उत्तरे घरात, शेजारी आणि औषधाच्या दुकानात मुबलक मिळतात. डॉक्टरांचे उत्तर बहुधा एकाच वाक्याचे असते: मनाने काही घेऊ नका. त्या वाक्यामागे सबळ कारणे आहेत. तरीही ज्याला रात्रभर कूस बदलता आलेली नाही, त्याने पुढचे पंधरा दिवस कसे काढायचे, हे ते वाक्य सांगत नाही.

हा मूठभर लोकांचा प्रश्न नव्हे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘कॉपकॉर्ड’ या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाखाली पुणे जिल्ह्यातील भिगवणमध्ये घरोघर पाहणी सुरू केली, तेव्हा प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांना सांधे, स्नायू किंवा हाडांची दुखणी आढळली. त्यातली बहुतेक दुखणी झिजेची आणि कष्टाची होती. रुमॅटॉइड संधिवाताचे प्रमाण भारतात साधारण अर्धा ते पाऊण टक्का धरले जाते. टक्केवारी लहान दिसली तरी राज्याच्या लोकसंख्येत तिचा अर्थ लाखो माणसे असा होतो, आणि त्यात स्त्रियांची संख्या पुरुषांच्या दुपटीहून अधिक आहे. या आजाराचे तज्ज्ञ मात्र मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांतच एकवटले आहेत. म्हणजे वाट पाहणे चुकणार नाही. ती कशी पाहावी, एवढेच ठरवणे हाती आहे.

आधी ‘मनाने काही घेऊ नका’ म्हणणाऱ्यांची बाजू पाहू. दुकानात सर्वांत सहज मिळतात त्या डायक्लोफिनॅक, अॅसेक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या. त्या सूज खरोखर उतरवतात. पण त्यांनी पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर तिसरी वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाला चांगलीच महागात पडू शकते. साठीच्या पुढच्या अनेकांच्या डब्यात पहिल्या दोन गोळ्या आधीपासून असतात. दुसरा धोका बेरजेचा. अॅसेक्लोफिनॅकच्या अनेक जोडगोळ्यांत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, हे रुग्णाला माहीत नसते. वरून ६५० ची गोळी दिवसातून तीन-चारदा घेतली, की निरोगी प्रौढासाठी मानलेल्या चोवीस तासांतल्या ४ ग्रॅमच्या मर्यादेकडे तो नकळत सरकतो. वजन कमी असेल, यकृताचा विकार असेल किंवा रोज दारू पिण्याची सवय असेल, तर ही मर्यादा बरीच खाली येते.

सगळ्यात घातक चूक मेथोट्रेक्सेटची. या आजारातले हे मुख्य औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि त्याचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. दुखणे उसळले म्हणून ते रोज घेणाऱ्याच्या तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि जीवावर बेतू शकते. उसळी आलेली असताना हे औषध वाढवून त्या आठवड्यात काहीच साधत नाही.

दुसरी बाजूही तितक्याच गंभीरपणे ऐकायला हवी. वेदना सोसण्यात कसलेही पुण्य नाही. झोप गेली की दुखणे अधिक जाणवते आणि दुखण्याने झोप जाते. हालचाल थांबली की स्नायू काही दिवसांतच अशक्त होऊ लागतात. सोलापुरातल्या विडी कामगार बाईला मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. तिची बोटे दोन आठवडे चालली नाहीत, तर दोन आठवड्यांची कमाई बुडते. तिला ‘थांबा’ म्हणणारा त्या थांबण्याची किंमत मोजत नाही. आणि नुसत्या मनाईने माणूस थांबतही नाही. तो निनावी पुडीकडे वळतो. सांधेदुखीवर ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकटीत स्टिरॉइड मिसळलेले आढळण्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत. दोन दिवसांत चमत्कारासारखा गुण देणाऱ्या पुडीबद्दल पहिली शंका हीच घ्यायला हवी.

या वादाच्या मध्यभागी उभे आहे ते स्टिरॉइड. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडाल आणि राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. चेहऱ्यावरची सूज, ठिसूळ हाडे, वाढलेली साखर, जंतुसंसर्ग ही किंमत लवकरच कळली. आज पाऊणशे वर्षांनंतरही तज्ज्ञांत एकमत नाही. मुख्य औषध सुरू करताना अल्पकाळासाठीही स्टिरॉइड शक्यतो टाळावे, असा अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेचा २०२१ चा सल्ला आहे. युरोपीय संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीप्रमाणे अल्पकाळ देण्याचा विचार करावा, मात्र शक्य तितक्या लवकर कमी करून बंद करावे. जिथे जाणकारच दोन बाजूंना आहेत, तिथे कोणत्याही अतिरेकी उत्तराकडे संशयाने पाहावे.

आमच्या मते या गुंत्यातून वाट निघते ती एक फरक नीट पाळल्याने. झटका आलेल्यांत दोन प्रकारची माणसे असतात. एकाचे निदान झालेले आहे, औषधे चालू आहेत, हा झटका त्याच्या ओळखीचा आहे. दुसऱ्याचे सांधे पहिल्यांदाच सुजले आहेत आणि नेमका आजार कोणता, हे कोणालाच ठाऊक नाही. तो रुमॅटॉइड असेल, गाउट असेल किंवा २००६ च्या साथीनंतर महाराष्ट्राला चांगलाच परिचित झालेला चिकुनगुनियानंतरचा सांधेदाह असेल. दोघांना एकच सल्ला देणे, हीच आजची खरी चूक आहे.

निदान न झालेल्याने स्टिरॉइड घेतले, तर तज्ज्ञासमोर जाईपर्यंत सूज उतरलेली असते, रक्ततपासणीतला दाह घटलेला असतो आणि आजाराचा माग पुसला जातो. शरीरात दबून असलेला क्षयरोग डोके वर काढू शकतो, आणि तो धोका आपल्याकडे पुस्तकी नाही. म्हणून त्याच्यापुरती मनाई पक्की असावी. त्याच्या वेदनेसाठी जवळच्या डॉक्टरांनी मूत्रपिंड, पोट आणि रक्तदाब विचारात घेऊन साधे वेदनाशामक मोजक्या दिवसांसाठी द्यावे. रोज सकाळी सांध्यांचा ताठरपणा किती वेळ टिकतो, हे त्याने लिहून ठेवावे आणि सुजलेल्या सांध्यांचे मोबाइलवर फोटो काढावेत. तारखेच्या दिवशी सूज नेमकी नसते, तेव्हा हेच पुरावे उपयोगी पडतात.

निदान झालेल्याची गोष्ट वेगळी. त्याचा पुढचा झटका कसा येईल, याचा अंदाज तज्ज्ञाला असतो. मग तो यायच्या आधीच कागदावर लिहून का देऊ नये? कोणती गोळी, किती मात्रेत, किती दिवस. कोणत्या औषधाला हात लावायचा नाही. कितव्या दिवशी फोन करायचा. यावर आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. कागद हाती पडला की काही जण तोच पुन्हा पुन्हा वापरतील, शेजारणीलाही देतील आणि स्टिरॉइडची सवय होईल. कित्येक आठवडे घेतलेले स्टिरॉइड एकाएकी थांबवले, तर प्रचंड थकवा, उलट्या, रक्तदाब घसरणे हे धोके आहेतच. पण हा धोका आज कागद नसतानाही आहे. जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणणाऱ्याला कोणती मर्यादा आहे? लेखी सूचनेत ती घालता येते: एक ठरावीक कोर्स, तो संपला की फोन, आणि वर्षात दुसऱ्यांदा गरज पडली तर मुख्य औषधाचाच फेरविचार.

घरगुती उपायांबाबत मात्र भांडणाचे फारसे कारण नाही. आखडलेल्या सांध्याला शेक बरा वाटतो; लालसर, गरम, टम्म सुजलेल्या सांध्याला फडक्यात गुंडाळलेला बर्फ काही मिनिटे अधिक आराम देतो. निर्गुडीच्या पाल्याचा शेक किंवा कोमट तेलाचा हलका हात यात हरकत नाही, गरम सांधा जोरात रगडू मात्र नये. सुजलेल्या सांध्याला दोन-चार दिवस विसावा द्यावा, पण दिवसातून एक-दोनदा जमेल तितका हळुवार वळवावा. वांगी, वाटाणे, आंबट हे ज्याला बाधते त्याने टाळावे, पण त्यापायी आधीच अशक्त झालेल्या बाईचे जेवण निम्मे करू नये. आमवाताचे वर्णन ‘माधवनिदाना’त आहे आणि वैद्यांचे उपचार घेणारे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांनी एवढे करावे: वैद्यांना आणि डॉक्टरांना परस्परांची औषधे सांगावीत, आणि चालू औषध कोणालाही न विचारता बंद करू नये.

काही वेळी वाट पाहणेच चूक असते. इतर सांध्यांच्या मानाने एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन पाय टेकवणे अशक्य झाले, विशेषतः ताप आणि थंडी असेल, तर सांध्यात पू झाल्याची शक्यता असते. असा सांधा काही दिवसांत कायमचा निकामी होऊ शकतो. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांना ताप येईलच, असेही नाही. हातापायांत नव्याने बधिरपणा किंवा अशक्तपणा, लाल होऊन दुखणारा डोळा, काळी शौच, धाप लागणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी जवळचे रुग्णालय गाठावे. तारखेचा कागद घरीच ठेवावा.

उरतो प्रश्न व्यवस्थेचा, आणि त्यात खरी ओढाताण आहे. झटका आलेल्यांसाठी दर आठवड्याला काही जागा राखून ठेवा, ही मागणी रास्त वाटते. पण तज्ज्ञ मोजकेच असताना राखलेली प्रत्येक जागा नव्या रुग्णाची तारीख पुढे ढकलते. युरोपीय शिफारशींनुसार सांधे सुजू लागल्यापासून सहा आठवड्यांत तज्ज्ञाने रुग्ण पाहावा आणि तीन महिन्यांच्या आत मुख्य औषध सुरू व्हावे, कारण तेव्हाचा उपचार पुढची हानी सर्वाधिक रोखतो. हे मानले, तर तज्ज्ञाच्या वेळेवर पहिला हक्क निदान न झालेल्या रुग्णाचा आहे. निदान झालेल्याने आधी लेखी सूचना आणि जवळचे डॉक्टर यांच्या आधारे झटका सांभाळावा. आठवड्यात उतार पडला नाही, तर मात्र त्याला मधली तारीख मिळालीच पाहिजे. ‘ई-संजीवनी’सारखी दूरसल्ल्याची सोय याच कामासाठी अधिक नेटाने वापरता येईल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. संधिवाताची लढाई ओपीडीत आणि घरात चालते, हे लक्षात घेऊन नियमित रक्ततपासण्या आणि औषधे तालुक्याच्या रुग्णालयातच मिळाली, तर झटकेही कमी येतील.

हे सारे शासनाने करीपर्यंत थांबायचे कारण नाही. पुढच्या भेटीत रुग्णाने किंवा सोबतच्या नातेवाइकाने डॉक्टरांकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: दुखणे उसळले तर काय घ्यायचे, काय मुळीच घ्यायचे नाही, आणि कोणत्या लक्षणाला थेट रुग्णालयात जायचे. डॉक्टरांना याला पाच मिनिटे लागतील. गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटे थोडी नसतात, हे खरे. पण ती वाचवली, तर तेच उत्तर नंतर औषधाच्या दुकानातला पोरगा देतो.