धाडसाआधीची विद्या

राज कपूर यांच्या राजबागेत जेथे आज तंत्रविद्येचे विद्यापीठ उभे आहे आणि हवेली तालुक्यातील शेतकऱ्यांची मुले संगणकशास्त्राचे धडे गिरवीत आहेत, त्या लोणी काळभोरात एक मत अलीकडे इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते की, त्याचा प्रतिवाद न करणे ही त्या मुलांशी प्रतारणा ठरेल. परदेशी जाऊन ज्यांनी मोठमोठ्या कंपन्या उभारल्या त्यांनी ग्रंथांत डोके खुपसून आयुष्य दवडले नाही, एकट्याच्या हिमतीवर मैदान मारले. सबब सिद्धांतांचा दीर्घ व्यासंग हा निव्वळ कालापव्यय होय, असे हे मत आहे.

त्याची परीक्षा करण्यास सुहास पाटील यांच्या चरित्राइतका बिनतोड दाखला मला दुसरा दिसत नाही. १९४४ साली जन्मलेले व जमशेदपुरात वाढलेले हे मराठी गृहस्थ १९६५ साली खरगपूरच्या आयआयटीतून पदवीधर झाले. ज्या हिजलीच्या बंदीशाळेत १९३१ साली इंग्रज सरकारच्या गोळीबारात दोन देशभक्त बळी पडले, त्याच इमारतीत स्वतंत्र भारताने १९५१ साली ही संस्था सुरू केली होती. म्हणजे पाटलांच्या विद्यारूपी भांडवलाची पहिली रक्कम सरकारी तिजोरीतून आली होती. पुढे मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर चाललेल्या ‘प्रोजेक्ट मॅक’ या संगणक-संशोधन प्रकल्पाच्या परिसरात, त्यांनी १९७० साली डॉक्टरेट मिळविली.

तेथील त्यांचे कार्य काय होते, हे कोणी सांगत नाही, म्हणून मी ते सांगतो. त्यांनी मांडलेले कोडे असे: तीन धूम्रपानी आहेत. एकापाशी तंबाखूचा, दुसऱ्यापाशी कागदाचा, तिसऱ्यापाशी काड्यांचा अखूट साठा आहे. मध्यस्थ दर खेपेस कोणतेही दोन जिन्नस मेजावर ठेवतो, आणि ज्याच्यापाशी तिसरा जिन्नस आहे त्यानेच ते उचलावेत, मात्र व्यवहार कोठेही कायमचा अडून बसू नये. विशिष्ट अटी पाळून संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांच्या ‘सेमाफोर’ने, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या क्रियांना थांबविण्या-सोडण्याच्या संकेतसाधनाने, हे साधता येत नाही, असे पाटलांनी १९७१ साली प्रतिपादिले. १९७५ साली संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी त्या अटींवरच आक्षेप घेऊन उत्तर मांडले; तथापि तो प्रश्न आजही संगणकाच्या पाठ्यपुस्तकांत शिकविला जातो. एकाच वेळी चालणाऱ्या क्रियांचा मेळ कसा घालावा, या चिंतनात ज्याने ऐन तारुण्य वेचले, त्यास अभ्यासाचा शत्रू कोणी म्हणावे?

१९७५ पासून यूटा विद्यापीठात अध्यापन करीत असता स्मृती व तर्क यांना एकाच जाळीत गुंफणाऱ्या चिप-रचनेवर त्यांनी संशोधन केले, आणि त्या संशोधनाच्या पायावर १९८१ साली, वयाच्या सदतिशीत, सॉल्ट लेक सिटीत ‘पाटील सिस्टिम्स’ स्थापिली. तीच कंपनी १९८४ साली कॅलिफोर्नियात येऊन ‘सिरस लॉजिक’ झाली. चिपची रचना स्वतः करावी व ती घडविण्याचे काम इतरांच्या कारखान्यांवर सोपवावे, ही त्या काळी नवी असलेली रीत तिने धरली.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की, कंपनी सिद्धांतांवर चालत नाही. हे मला मान्य आहे, आणि पाटलांनाही ते ठाऊक होते; म्हणूनच कारभाराची धुरा त्यांनी मायकेल हॅकवर्थ या अनुभवी गृहस्थांच्या हाती दिली. परंतु यावरून व्यवहारज्ञानाची आवश्यकता सिद्ध होते, विद्येची अनावश्यकता नव्हे. विकण्याजोगे जे होते, ते प्रयोगशाळेत जन्मले होते.

‘एकट्याच्या हिमतीवर’ हा दुसरा डौलही टिकत नाही. १९९२ साली पाटील व त्यांचे सहकारी यांनी ‘टाय’ ही संस्था काढली, ती नवागत उद्योजकांना वडीलधाऱ्यांचा सल्ला, ओळखी व आधार मिळावा म्हणून; एकट्याने सर्व साधते अशी त्यांची श्रद्धा असती, तर हा खटाटोप त्यांनी कशासाठी केला असता?

म्हणून लोणीच्या मुलांस उद्योगाचे आवाहन करणाऱ्यांकडे माझी मागणी आहे ती अशी: उद्योजकतेच्या प्रत्येक स्पर्धेच्या व्यासपीठाबरोबर एक सुसज्ज प्रयोगशाळा द्या, आणि ज्या मुलास एखाद्या प्रश्नाने झपाटले आहे, त्यास त्या प्रश्नापाशी दहा वर्षे बसू द्या.