विश्लेषण : बीअरमध्ये शिजलेले शिंपले ‘शाश्वत’ कसे ठरतात?

काळसर निळ्या मसल शिंपल्यांचं वाफाळतं भांडं आणि सोबत फ्राइज हे बेल्जियमचं जवळपास राष्ट्रीय जेवण. वाइनऐवजी बीअरमध्ये ते शिजवणंही तिथे जुनंच. आता पाककृतींच्या व्हिडिओंमध्ये या पदार्थाला ‘सस्टेनेबल’ हे विशेषण लागलं आहे. ते चुकीचं नाही, पण अर्धवट आहे.

शाश्वत कशामुळे?

कोळंबी किंवा सॅमन वाढवायला खाद्य लागतं. शिंपल्याला काहीच घालावं लागत नाही. तो समुद्राचं पाणी आत ओढतो आणि त्यातलं सूक्ष्म प्लवक गाळून खातो. जमीन नको, खत नको, गोडं पाणी नको. स्पेनच्या गॅलिशियात तराफ्यांना टांगलेल्या दोरांवर शिंपले वाढतात. काढायची वेळ झाली की दोर वर ओढायचा, तळाला धक्का लागत नाही.

पण सगळीकडे दोर नसतात. बेल्जियममध्ये खाल्ले जाणारे बरेचसे शिंपले शेजारच्या नेदरलँड्समधल्या झीलंडचे, समुद्रतळावर वाढवलेले. त्यासाठी लागणारी पिल्लं वर्षानुवर्षं वाडन समुद्राचा तळ खरवडून आणली जात. पर्यावरण संघटना न्यायालयात गेल्या. अखेर २००८ मध्ये सरकार, व्यावसायिक आणि संघटना यांच्यात करार झाला : खरवडणं टप्प्याटप्प्याने कमी करायचं आणि पिल्लं पाण्यात टांगलेल्या दोर-जाळ्यांवर धरायची. शिंपला जन्मतः शाश्वत नसतो, तो कसा मिळवला यावर ते ठरतं.

पाणी कुणी तपासलं?

व्हिडिओंत न येणारा भाग हा. पाणी गाळणारा जीव सांडपाण्यातले जिवाणूही गाळून साठवतो, आणि विषारी शैवालाचं विषसुद्धा. जिवाणू उष्णतेने मरतात. शैवालाची विषं मात्र शिजवूनही टिकतात. म्हणून युरोपीय संघात शिंपल्यांच्या पाण्याची वर्गवारी होते. ‘अ’ वर्गात ८० टक्के नमुन्यांत १०० ग्रॅममागे २३० पेक्षा जास्त ई. कोलाय चालत नाहीत. ‘ब’ वर्गातला माल थेट विकता येत नाही. तो आधी स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध करावा लागतो किंवा त्यावर ठरावीक प्रक्रिया करावी लागते.

केरळच्या कासरगोडमध्ये महिला बचत गट नव्वदच्या दशकापासून दोरांवर हिरवे शिंपले वाढवत आहेत. हेच गोव्यातले शिणाणे, तिथे ते खडकांवरून खरवडून काढतात. बाजारातल्या पाटीत मात्र ते कुठल्या खाडीतले, हे लिहिलेलं नसतं. विकणारी सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा. नाल्याच्या मुखाजवळचा शिंपला निसर्गाला कितीही निरुपद्रवी असला, तरी खाणाऱ्याला नाही. ‘शाश्वत’ लिहिण्याआधी जागा आणि पाण्याची तपासणी लिहायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

मग शिजवायचं कसं?

फुटके शिंपले आणि टिचकी मारूनही न मिटणारे शिंपले आधीच टाकून द्या. कडेची दाढी ओढून काढा. लोण्यात कांदा आणि सेलरी परता, त्यावर हलकी गव्हाची बीअर ओता. कडू बीअर आटली की आणखी कडू होते. झाकण ठेवून मोठी आच द्या. शिंपले उघडल्यावरही तीन-चार मिनिटं शिजू द्या. मीठ शेवटी, चाखूनच, कारण शिंपल्यांतून समुद्राचं पाणी सुटतं. एवढ्या वेळात अल्कोहोल पूर्ण उडत नाही, त्यामुळे मुलांसाठी बीअरशिवाय वेगळं भांडं चढवा. आणि शिजूनही बंद राहिलेला शिंपला सुरीने उघडू नका, सरळ फेका.